उद्योग आणि शिल्प

मुंबईहून नागपूरमार्गे निघालेला मराठी प्रवासी हावडा स्थानकावर उतरला, आणि बंगाली अक्षरे त्याला लावून वाचता येत असली, तर पहिल्या तासाभरातच त्याची एक गमतीची फसगत होते. वर्तमानपत्रात त्याला ‘पाटशिल्प’ हा शब्द दिसतो आणि कोरीव नक्षीचा जेवणाचा पाट त्याच्या डोळ्यांपुढे उभा राहतो. वस्तुतः बंगालीत पाट म्हणजे ताग, आणि पाटशिल्प म्हणजे तागाच्या गिरण्यांचा धंदा. ‘शिल्पपती’ हा कोणी थोर मूर्तिकार असावा असे त्याला वाटते. तो निघतो कारखान्यांचा मालक. ‘शिल्पांचल’ या शब्दावरून तो लेण्यांचा आणि देवळांचा प्रदेश मनात आणतो, आणि समोर येतात ती धुराडी. ‘शिल्पायन’ हे तर रामायणाच्या वळणावर रचलेले एखादे काव्यच वाटावे. परंतु मराठीत ज्याला ‘औद्योगिकीकरण’ म्हणतात त्याचेच ते बंगाली नाव होय.

दोन्ही भाषा संस्कृतच्या माहेरच्या. यंत्रयुगाची कल्पना दोघींकडे इंग्रजीच्याच दाराने आली. तिला नाव देताना मात्र एकीने ‘शिल्प’ उचलले आणि दुसरीने ‘उद्योग’. अशी निवड कोणी सभा भरवून करीत नाही. ती हळूहळू रुळते आणि रुळल्यावर तिच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. तथापि ज्या शब्दाने आपण एखाद्या गोष्टीचा विचार करतो, तो शब्द त्या गोष्टीची एक बाजू पुढे करतो आणि दुसरी झाकतो. हुगळीच्या पश्चिम तीरावरचे हावडा हे या दोन शब्दांची पारख करण्याचे उत्तम ठिकाण आहे, कारण कारखानदारीचा चढ आणि उतार या दोन्ही गोष्टी या गावाने पोटभर पाहिल्या आहेत.

प्रथम शिल्पाकडे वळू. जुन्या संस्कृतात हा शब्द छिन्नीपुरता बांधलेला नव्हता. हाताने आणि बुद्धीने साधणारे कोणतेही कसब म्हणजे शिल्प. विणकर, कुंभार, सोनार, सुतार, लोहार हे सारे शिल्पी. पाली जातककथांतून तक्षशिलेला ‘अठरा शिल्पे’ शिकायला जाणारे तरुण भेटतात, ते काही अठरा प्रकारच्या मूर्ती घडवायला जात नव्हते. बंगालीने हा रुंद अर्थ सांभाळला आणि तोच पुढे ताणून ‘कुटीरशिल्पा’पासून पोलादाच्या भट्टीपर्यंत नेला. गंमत अशी की चित्रकार आणि गायक यांनाही बंगालीत ‘शिल्पी’च म्हणतात. मराठीने मात्र शिल्पाला देवळाच्या भिंतीत आणि संग्रहालयात नेऊन बसवले. तेही फार पूर्वी नव्हे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कृष्णाजी विनायक वझे या मराठी अभियंत्याने प्राचीन हिंदी शिल्पशास्त्रावर जे लेखन केले, त्यात शेती, पाणी, खाणी, नौका, रथ, घरे, तट, नगररचना आणि यंत्रे इतका सगळा पसारा ‘शिल्प’ या एकाच छत्राखाली आहे. वझ्यांचा शब्द मराठीत रुजता, तर एमआयडीसीला आज आपण शिल्पविकास महामंडळ म्हणत असतो.

पण मराठीचा कल दुसरीकडे होता. ‘उद्योग’ या शब्दात मूळचे यंत्र नाही, वस्तू नाही, कसबही नाही. आहे तो केवळ प्रयत्न. महाभारतातील उद्योगपर्वात कोणी कापडगिरणी काढीत नाही. तेथे युद्धाची सिद्धता चालली आहे आणि युद्ध टाळण्याची शिष्टाईही. मोल्सवर्थच्या मराठी कोशाची दुसरी आवृत्ती १८५७ सालची. मुंबईत पहिली कापडगिरणी सुरू होऊन तेव्हा एखादेच वर्ष झाले होते, आणि त्या कोशातला उद्योग हा अजून कामधंदा व खटपट एवढाच आहे. घरगुती बोलीत तो आजही तसाच आहे. ‘मुलगा मोठा उद्योगी’ यात स्तुती असते. ‘काय उद्योग करून ठेवलास!’ यात कपाळावर हात असतो. ‘नसते उद्योग’ करणाऱ्याजवळ भांडवल असावे लागत नाही.

या घरगुती शब्दाला सार्वजनिक पोशाख चढला तो एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. १८९० साली पुण्यात औद्योगिक परिषद भरली आणि न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे हे तिचे प्रमुख प्रवर्तक होते. परदेशी मालाच्या लोंढ्यापुढे देशी कसबे बुडाली, कारागीर शेतीवर येऊन पडले आणि देश नुसता कच्चा माल पुरवणारा झाला, हे रानड्यांच्या अर्थशास्त्रीय लेखनाचे एक मुख्य सूत्र आहे. ज्या समाजाला आळसावलेला, दैववादी म्हणून हिणवले जात होते, त्या समाजापुढे कारखानदारीचा विचार मांडायला ‘उद्योग’ हा शब्द फार सोयीचा होता. त्यात कारखान्याबरोबर उपदेशही येत होता. पुढे पैसाफंडाचा तळेगावचा काच कारखाना, ओगलेवाडी, किर्लोस्करवाडी या साऱ्यांच्या मागे ही दुहेरी भावना होती. शब्दाच्या मूळ अर्थाने मराठी कारखानदारीला एक नैतिक रंग दिला, आणि तो रंग वाईट होता असे म्हणता येणार नाही. मात्र त्याची किंमत पुढे मोजावी लागली. ती कशी, ते हावड्याच्या संदर्भात येईलच.

आता ‘औद्योगिकीकरण’ या लांबलचक शब्दाचे व्याकरण पाहिले पाहिजे, कारण त्याच्या लेखनात फार गोंधळ आहे. ‘औद्योगिकरण’, ‘औद्योगीकरण’, ‘उद्योगीकरण’ अशी त्याची तीन भावंडे छापील मजकुरात हिंडत असतात. ‘ईकरण’ या जोडणीत संस्कृत व्याकरणातला च्वि प्रत्यय दडलेला आहे. जे पूर्वी तसे नव्हते ते तसे करणे, हा त्याचा अर्थ. शुद्ध नसलेले शुद्ध करणे ते शुद्धीकरण, एक नसलेले एक करणे ते एकीकरण. त्याच न्यायाने औद्योगिक नसलेला प्रदेश किंवा समाज औद्योगिक करणे, ते औद्योगिकीकरण. ‘उद्योगीकरण’ हाही शुद्ध शब्द आहे, पण त्याचा अर्थ थोडा निराळा घ्यावा हे बरे: जी गोष्ट धंदा नव्हती तिचा धंदा करणे. कोकणाचे औद्योगिकीकरण होईल. विद्यादानाचे होते ते उद्योगीकरण. ‘औद्योगीकरणा’ची अडचण अशी की त्याच्या मुळाशी ‘औद्योग’ हा शब्द धरावा लागतो, आणि तो मराठीत चालत नाही. राहिले ‘औद्योगिकरण’. यात घाईघाईने जे अक्षर गिळले जाते ते ‘की’, आणि सगळा बदल सांगणारा प्रत्यय त्या एका अक्षरातच बसलेला असतो. ते गेले की उरते नुसते ‘करण’; कशाचे काय केले हे सांगणारा दुवाच नाहीसा होतो.

बंगालीने येथेही वेगळी वाट धरली. ‘शिल्पायन’ यातले ‘अयन’ म्हणजे जाणे, मार्ग. जागतिकीकरणालाही बंगालीत ‘विश्वायन’ म्हणतात. ‘करण’ म्हटले की करणारा आलाच, आणि बहुधा तो सरकार असतो. ‘अयन’ म्हटले की गोष्ट आपल्या गतीने चालू लागते. मराठी शब्दात कर्तृत्वाचा आग्रह आहे, बंगाली शब्दात ओघाची जाणीव आहे. प्रत्यक्षात दोन्ही लागतात, हे हावड्याचा इतिहास पाहिला की कळते.

या इतिहासात सर्वांत आधी च्वि प्रत्ययालाच एक आक्षेप उभा राहतो. ‘पूर्वी नव्हते ते करणे’ असे म्हणताना आपण गृहीत धरतो की पूर्वी काहीच नव्हते. बंगालविषयी ते खोटे आहे. बंगालची मलमल आणि रेशीम यंत्रयुगापूर्वी जगाच्या बाजारात जात होते, आणि त्या कसबाचा ऱ्हास हाच पुढच्या कथेचा पहिला अध्याय आहे. तो अध्याय बंगाली वाचकांपुढे ठळकपणे मांडणारा माणूस मराठी वंशाचा होता, हे महाराष्ट्रात फारसे कोणाला आठवत नाही. सखाराम गणेश देउस्कर यांचे घराणे देवघरच्या परिसरात स्थायिक झालेले. कलकत्त्यात पत्रकारिता करीत असताना त्यांनी बंगालीत लिहिलेले ‘देशेर कथा’ हे पुस्तक १९०४ साली निघाले. इंग्रजी अमलात देशी धंदे आणि कारागीर यांची वाताहत कशी झाली, हे त्यात आकड्यांनिशी सांगितले होते. स्वदेशीच्या चळवळीत ते घरोघरी वाचले गेले आणि १९१० साली सरकारने त्याच्यावर बंदी घातली. रानड्यांनी इंग्रजीत मांडलेली व्यथा देउस्करांनी बंगालीत नेली.

यंत्रे हावड्याच्या बाजूला लवकर आली. दक्षिणेकडे बाउडिया येथे सुमारे १८१८ साली सुताची गिरणी निघाली, म्हणजे मुंबईच्या पहिल्या गिरणीच्या जवळजवळ चाळीस वर्षे आधी. १८५४ च्या १५ ऑगस्टला हावड्याहून हुगळीपर्यंत पहिली आगगाडी धावली. पुढच्याच वर्षी थोडे उत्तरेस, रिषडा येथे, तागाची पहिली यांत्रिक गिरणी सुरू झाली आणि नदीच्या दोन्ही काठांनी तागगिरण्यांची रांग वाढत गेली. त्यांना बंगालीत ‘चटकल’ म्हणतात. चट म्हणजे गोणपाट, आणि ‘कल’ म्हणजे आपली ‘कळ’, कळसूत्री बाहुलीतली. मराठीने पिठाची आणि कापडाची दोन्ही कामे एका ‘गिरणी’वर भागवली. लिलुआला रेल्वेचे डबे बांधण्याचा मोठा कारखाना झाला, शिवपूरला १८८० साली अभियांत्रिकी महाविद्यालय आले, आणि या सर्वांची दुरुस्ती, सुटे भाग, नटबोल्ट, कप्प्या व चाके पुरवण्यासाठी बेलिलियस रोड, कदमतला, बाँटरा या भागांत लेथ आणि ओतशाळा यांची दाट वस्ती उभी राहिली. हावड्याला ‘पूर्वेचे शेफील्ड’ हे नाव पडले ते या गल्ल्यांमुळे.

ही वाढ कोणी योजना आखून केलेली नव्हती. मोठ्या कारखान्यात दहा वर्षे काढलेला मिस्त्री एक जुना लेथ विकत घेतो, घराच्या पडवीत मांडतो, पुतण्याला हाताखाली घेतो, आणि ज्या कारखान्यात पूर्वी नोकर होता त्याच कारखान्याचे सुटे काम आता ठरावीक दराने करून देऊ लागतो. शेजारच्या घरात कोणी फक्त साचे करतो, त्याच्या पलीकडे कोणी फक्त बीड ओततो, चौथा फक्त घासून-पुसून माल तयार करतो. एक वस्तू पुरी होईतो चार उंबरठे ओलांडते. कोल्हापूरचे उद्यमनगर ज्यांनी पाहिले आहे त्यांना हे चित्र अनोळखी वाटणार नाही; शेतीच्या पंपांना लागणारी तेलाची इंजिने आणि त्यांचे ओतीव भाग तेथेही अशाच हातांनी घडले. अशा ठिकाणी भांडवल थोडे असते; खरी पुंजी असते ती बोटांत. धातूचा रंग पाहून त्याची उष्णता ओळखणे, वाळूचा ओलावा मुठीत दाबून जाणणे, कापणाऱ्या हत्याराचा आवाज बदलला की कान टवकारणे, या गोष्टी कोणत्याही कागदावर लिहिलेल्या नसतात. ‘औद्योगिकीकरण’ या शब्दात त्यांना जागा नाही. ‘शिल्प’ या शब्दात आहे, आणि तो शब्द निवडून बंगालीने नकळत एक न्याय केला.

नदीवरचा मोठा पूल हा या सर्व थरांचा संगम होय. १९४३ च्या फेब्रुवारीत, महायुद्धाच्या धामधुमीत, तो समारंभाशिवाय खुला झाला. सुमारे २६,५०० टन पोलादापैकी २३,००० टन जमशेदपूरच्या टाटा कारखान्यातून आले; ब्रेथवेट, बर्न आणि जेसप या कलकत्ता-हावड्याच्या कारखान्यांनी जोडकाम केले. सारा पूल रिव्हेट ठोकून जोडलेला आहे, नटबोल्ट नाहीत. हजारो रिव्हेट तापवून, फेकून, झेलून, ठोकणाऱ्या हातांची नावे कोणत्याही पाटीवर नाहीत. १९६५ साली पुलाला रवींद्रनाथांचे नाव दिले गेले, पण लोक त्याला हावड्याचा पूलच म्हणतात.

याच काळात हावड्याने एक देशी कारखानदारही पाहिला. आलामोहन दाश हे हावडा जिल्ह्यातले. लहानपणी कलकत्त्याच्या रस्त्यांवर मुरमुरे विकलेले. त्यांनी यंत्रे बनवण्याचा कारखाना आणि तागगिरणी उभारली. त्यांच्या नावाचे दाशनगर आजही हावड्यात आहे. बेळगावात सायकली दुरुस्त करता करता लोखंडी नांगराकडे वळलेल्या आणि १९१० साली कुंडलच्या माळावर वसाहत उभारणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांची आठवण येथे सहज होते. दोघेही पुस्तकी अर्थशास्त्र न शिकता कारखानदार झाले, दोघांच्याही नावाने गाव वसले. मराठी माणूस लक्ष्मणरावांना ‘उद्योगमहर्षी’ म्हणतो. बंगाली माणूस दाशांना ‘शिल्पपती’ म्हणतो. एकाचा गौरव तपाचा, दुसऱ्याचा कसबाच्या स्वामित्वाचा.

परंतु गल्लीत उतरले की हा भेद विरून जातो. ‘कारखाना’ हा फारसी शब्द दोन्ही भाषांत एकच. शिवकालीन राज्यव्यवस्थेत अठरा कारखाने होते, त्यांत तोफखान्याबरोबर मुदपाकखाना आणि पीलखानाही होता. म्हणजे स्वयंपाकघर आणि हत्तींची पागा हेही कारखानेच. ‘कारीगर’ दोन्हीकडे तोच. ‘मिस्त्री’ पोर्तुगीजांच्या ‘मेस्त्रे’पासून आला आणि कोकणापासून बंगालपर्यंत सर्वत्र मान पावला. मोठ्या शब्दांपाशी भाषा वेगळ्या होतात. कामाच्या जागी त्या एकमेकींच्या शेजारी बसतात.

स्वातंत्र्यानंतर या गल्ल्यांचे नशीब मुख्यतः रेल्वेच्या मागणीला बांधले गेले. १९६५-६६ पासून मालडब्यांच्या मागणीत मोठी कपात झाली, मागोमाग देशभर मंदी आली आणि हावड्याच्या कारखान्यांनी जो मार खाल्ला तो पुन्हा पुरता भरून निघाला नाही. १७८१ साली स्थापन झालेल्या बर्न कंपनीचा वारसा चालवणारा, पुढे सरकारी झालेला बर्न स्टँडर्ड, २०१८ साली बंद करण्याचा निर्णय झाला. मधल्या काळात ‘शिल्पायन’ हा शब्द राजकारणाच्या ऐन मध्यभागी आला. २००६ साली सत्ताधारी पक्षाने शेती हा पाया आणि शिल्प हे भवितव्य, अशा अर्थाची घोषणा दिली. हावड्याहून तारकेश्वरकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील सिंगूर येथे मोटारीच्या कारखान्यासाठी ९९७ एकर जमीन घेतली गेली. विरोध पेटला, २००८ साली प्रकल्प गुजरातेत गेला, आणि २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने भूसंपादन रद्द ठरवले. त्या सगळ्या गदारोळात ‘शिल्प’ म्हणजे बहुतेकांच्या मनात एक मोठा कारखाना एवढेच होते. तेथून तासाभराच्या अंतरावर हावड्याच्या गल्ल्यांत जे शिल्प पिढ्यान् पिढ्या नांदत होते, त्याचे काय करायचे हा प्रश्न त्या मानाने फारसा ऐकू आला नाही. बंगालीने शब्द रुंद ठेवला, पण राज्यकर्त्यांच्या तोंडी तो अरुंदच झाला.

कारखाना उभा राहतो त्या क्रियेला दोन्ही भाषांनी भारदस्त नावे दिली. तो मिटतो त्या क्रियेला सर्वांच्या तोंडी बसलेले नाव मराठीत नाही. ‘निरौद्योगिकीकरण’ असा शब्द अभ्यासक वापरतात, पण तो उच्चारेपर्यंत गिरणी विकली गेलेली असते. ‘टाळेबंदी’ होता, १९८२ च्या संपानंतर गिरणगावाने तो पुरता ओळखला, आणि २०२० मध्ये तोही साथीच्या कामी लागला. येथेच ‘उद्योग’ या शब्दाच्या नैतिक रंगाची किंमत दिसते. ज्याला उद्योग नाही त्याला मराठीत ‘निरुद्योगी’ म्हणतात, आणि निरुद्योगी म्हणजे आळशी, रिकामा, गावभर हिंडणारा. उद्योग गेला तो गिरणीचा. शब्द मात्र दोष माणसाच्या पदरात टाकतो. तीस वर्षे साच्यापुढे उभा राहिलेला कामगार एका सकाळी फाटकावर कुलूप पाहतो आणि भाषेच्या हिशेबी तो त्या दिवसापासून निरुद्योगी होतो.

त्यापेक्षा फारसी ‘बेकार’ प्रामाणिक. कारखान्यातला ‘कार’ आणि बेकारातला ‘कार’ हा एकच शब्द. त्याचा अर्थ काम. काम होते ते गेले, एवढेच तो सांगतो. माणसाच्या स्वभावाविषयी मूळचा तो काही बोलत नाही. बंगालीतही तोच शब्द त्याच अर्थाने चालतो, आणि हावड्यात तो दाशनगरपासून लिलुआपर्यंत घरोघरी माहीत आहे.

गल्ल्या मात्र ओस पडल्या असे मानू नये. न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर मोटारी ज्या बिडाच्या झाकणांवरून जातात, त्यांतली पुष्कळ हावड्याच्या ओतशाळांत ओतलेली असतात. २००७ साली अमेरिकन वृत्तपत्रात त्यांची छायाचित्रे आली, तेव्हा वितळलेले लोखंड वाहून नेणारे कामगार अनवाणी होते. त्या झाकणांवर ओतणाऱ्याचे नाव नसते. ‘मेड इन इंडिया’ एवढी अक्षरे असतात, आणि तीही साच्याच्या वाळूत हाताने दाबूनच उमटवावी लागतात.